गोठल्याशिवाय पाझरत नाही : मेपलच्या रसाचं भौतिकशास्त्र

मेपल हा थंड प्रदेशातला वृक्ष, त्याचा रस आटवून सिरप नावाचा गोड पाक करतात. वसंताची चाहूल लागली की मेपलच्या मुळांतून गोड रस वर चढतो आणि खोडाला भोक पाडलं की बाहेर येतो, असं अनेकदा वाचायला मिळतं. ऐकायला छान असलं तरी ते खरं नाही. नुसती ऊब आली म्हणून हा रस वाहत नाही. रात्री झाड गोठतं, म्हणून तो दिवसा वाहतो. सलग आठवडाभर दिवसरात्र दहा अंश तापमान राहिलं तर भोकाखाली टांगलेल्या बादल्या कोरड्या पडतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सुपीरिअर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर हा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो. सरोवर सुमारे 82,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठं, आणि 406 मीटरपर्यंत खोल. एवढं पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे किनाऱ्यालगत वसंत रेंगाळत येतो. शुगर मेपल या जातीच्या राया मागच्या डोंगरकण्यांवर आहेत, कारण रात्री थंड, जड हवा दऱ्यांत उतरते आणि माथे त्यामानाने कमी गारठतात. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून हा रस बर्च नावाच्या झाडाच्या सालीच्या भांड्यांत गोळा करत. तो आटवून ते कोरडी साखर करत, कारण ती वर्षभर टिकते.

आता मूळ प्रश्न. झाडात पाणी वर चढतं ते पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासामुळे, हे आपण शाळेत शिकलो. पण मार्चमध्ये मेपलवर एकही पान नसतं. मग मुळांचा दाब? बर्चमध्ये तो असतो, मेपलमध्ये त्यावर काम भागत नाही. मुळांपासून तोडलेली मेपलची फांदी पाण्यात उभी करून गोठवली तर ती पाणी पिते आणि ऊब दिली की रस बाहेर टाकते. म्हणजे यंत्रणा लाकडातच आहे.

मेपलच्या जलवाहिन्या, म्हणजे खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या, रसाने भरलेल्या असतात, पण त्यांच्याभोवतीच्या काष्ठतंतूंमध्ये (लाकडाला बळकटी देणाऱ्या लांबट पेशींमध्ये) पाणी नसून हवा असते. बहुतेक झाडांत हे तंतू पाण्याने भरलेले असतात, आणि सगळी किमया या फरकातच आहे. पारा शून्याखाली गेला की तंतूंच्या आतल्या भिंतींवर बर्फ धरू लागतो. तो शेजारच्या जलवाहिन्यांतलं पाणी ओढून घेत जाड होत जातो आणि आतली हवा कोंडून दाबली जाते. जलवाहिन्यांत कमी पडलेलं पाणी मुळांकडून ओढलं जातं. मुळांचं पाणी वर चढतं ते असं, गारठत्या रात्री. सकाळी बर्फ वितळतो, दाबलेली हवा प्रसरण पावते आणि पाणी जलवाहिन्यांत ढकलते. खोडातला दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीच्या वर जाऊ शकतो. अशा वेळी भोक पाडलं तर रस बाहेर येणारच.

तरी एक अडचण उरते. दाबाखालची हवा हळूहळू पाण्यात विरघळते, मग दाब काही तासांत ओसरायला हवा. तो टिकतो, कारण तंतूंच्या भिंतीतून पाणी जातं, सुक्रोज म्हणजे रसातली साखर जात नाही. जलवाहिनीत साखरेचं द्रावण, तंतूत जवळजवळ शुद्ध पाणी. पाणी शुद्ध बाजूकडून साखरेच्या द्रावणाकडे जातं, याला परासरण म्हणतात. त्यामुळे पाणी तंतूतून सतत जलवाहिनीकडे खेचलं जातं, तंतू पुन्हा भरत नाही आणि हवेचा बुडबुडा शाबूत राहतो. बुडबुड्याची कल्पना मिलबर्न आणि ओ'मॅली यांनी 1984 साली मांडली, आणि परासरणाची जोड मेल्विन टायरी यांनी 1995च्या सुमारास दिली. साखर झाडाचं अन्न आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथे तीच दाबही टिकवते. मला या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

ही साखर मागच्या उन्हाळ्यात पानांनी बनवलेली. ती स्टार्चच्या रूपात खोडात साठते आणि थंडीत सुक्रोज होऊन जलवाहिन्यांत उतरते. माडाची पोय छाटून मिळणारी नीरा रसवाहिन्यांतून, म्हणजे पानांत बनलेली साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून येते, म्हणून ती भरपूर गोड. मेपलचा रस जेमतेम 2 टक्के गोड, चवीला पाण्यासारखाच. 86ला साखरेच्या टक्केवारीने भागलं की एका भाग सिरपसाठी किती भाग रस लागेल ते कळतं, इथे 43. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या साधारण 4 अंश वर उकळू लागलं की सिरप तयार. रंग आणि खमंगपणा आटवतानाच्या रासायनिक क्रियांतून येतो. हे सिरप मधुमेहींना चालतं, ती 'नैसर्गिक औषधी साखर' आहे, असे निरोप फिरतात. त्यावर विश्वास ठेवू नका. सिरपचा दोन तृतीयांश भाग साखर आहे आणि तीही बहुतांशी उसात असते तीच.

तिकडचीही एक समजूत आहे. 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याला बिळातून बाहेर काढतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, असं भाकीत करतात. मेपलवाल्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांना फक्त रात्रीचा पारा शून्याखाली आणि दिवसाचा वर हवा असतो.

कळ्या फुगू लागल्या की रसाची रासायनिक घडण बदलते, सिरपला उग्र वास येतो आणि हंगाम संपतो. भोकाभोवतीचं लाकूड झाड कायमचं बंद करून टाकतं. तिथून पुन्हा रस येत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी खोडावर दुसरी जागा शोधावी लागते.