मॉडेल गाडीचं की त्या रविवारचं? जुन्या रेसकारच्या स्केल मॉडेलमागची पार्श्वभूमी

जुन्या ओपन व्हील (चाकं उघडी असलेल्या) रेसकारचं मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न रंगाचा किंवा गोंदाचा नसतो, तारखेचा असतो. "लोटस ४९ करतोय" (ही ब्रिटिश फॉर्म्युला वन गाडी) एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या दिवशीची? ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झांडवोर्टला पहिल्याच रेसमध्ये जिंकलेली, हिरवी, मधे पिवळा पट्टा, नंबर ५? की १२ मे १९६८ ची स्पेनमधल्या हारामाची, लाल-क्रीम-सोनेरी? की १९६९ च्या मोनॅकोची, आणि तिथलीही गुरुवारची का रविवारची? कारण गुरुवारच्या प्रॅक्टिसला त्या गाड्यांवर उंच दांड्यांवरचे विंग (गाडी खाली दाबून धरणारे पंख) होते, दोनच आठवड्यांपूर्वी बार्सिलोनात तसे विंग मोडून मोठे अपघात झाले होते, म्हणून मोनॅकोत मधेच बंदी आली आणि रविवारी त्याच गाड्या विंगशिवाय धावल्या. तीच गाडी, तोच आठवडा, पण मॉडेलं दोन वेगळी.

हा हट्ट नंतर आला. सुरुवातीला कुणाला तारखेचं काही पडलेलं नव्हतं. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये अल्फा रोमिओ पी २ ची पत्र्याची चावीवाली गाडी निघाली, जवळजवळ अर्धा मीटर लांब, ती आजही जुन्या खेळण्यांच्या लिलावात भाव खाऊन जाते, पण ते शेवटी खेळणंच. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत छोटं पेट्रोल इंजिन बसवलेल्या धातूच्या गाड्या आल्या, मधल्या खांबाला तारेने बांधून गोल पळवायच्या, दिसायला रेसकार पण सगळा जीव वेगात. मग १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये १/२४ स्केलचे प्लास्टिक किट आले, मासेराती २५० एफ, व्हॅनवॉल वगैरे, आणि १९५७ पासून स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणारी गाडी. इथपर्यंत गाडी 'तशी दिसते' एवढं पुरे होतं.

स्केलचे आकडेही कुणी विचार करून ठरवलेले नाहीत. १/१२ म्हणजे फुटाला इंच, १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, १/४३ तर चक्क मॉडेल रेल्वेतून आलं, ब्रिटिश ओ गेजमध्ये फुटाला ७ मिलिमीटर धरायचे, त्यावरून १/४३.५. यातून डिटेलला किती जागा मिळते ते एका वायरवरून कळेल. खऱ्या गाडीत प्लगची वायर ७ मिलिमीटर जाड धरली तर १/१२ मध्ये ती ०.५८ होते, १/२० मध्ये ०.३५ आणि १/४३ मध्ये ०.१६, म्हणजे केसाच्या साधारण दुप्पट जाड. १/४३ मध्ये वायरिंग करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

'विंटेज' शब्दाचाही गोंधळ आहेच. ब्रिटिश क्लबवाले १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच विंटेज म्हणतात, त्याआधीची एडवर्डियन, त्याहून जुनी व्हेटरन. मॉडेलवाल्यांत मात्र १९७८ ची गाडीही खुशाल विंटेज होते. मी इथे तोच सैल अर्थ घेतोय कारण माझा जीव १९६७ ते १९७८ मध्येच अडकलाय.

१९६७ हे वर्ष या छंदात खरंच महत्त्वाचं. त्या वर्षी एका जपानी कंपनीने होंडा आरए २७३ चं १/१२ किट काढलं, पाठोपाठ लोटस ४९ आली, आणि प्लास्टिकच्या डब्यात अख्खं इंजिन, सस्पेन्शन, पाइप सगळं मिळायला लागलं. साधारण त्याच दशकात इटलीतून १/८ चे अवाढव्य किट यायला लागले, १९०७ ची ग्रां प्री फियाट, अल्फा रोमिओ ८ सी, ज्यात चाकाचा एकेक आरा हाताने ओवायचा. पण ते महाग आणि वेळखाऊ, सामान्य माणसाच्या टेबलावर जपानी डबाच पोचला.

आणि वेळ कशी जुळून आली बघा. ४९ मध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे चासीच नाही. मोनोकॉक (पत्र्याचा पोकळ सांगाडा) तिथेच संपतं, त्याच्या भिंतीला २९९३ सीसीचं व्ही ८ इंजिन बोल्टने लावलेलं आणि मागचं सस्पेन्शन त्या इंजिनाला आणि गियरबॉक्सला लटकलेलं. म्हणजे गाडीचा अर्धा भाग उघडा. साध्या मोटारीच्या मॉडेलमध्ये बॉनेट बंद केलं की आतलं पाप झाकलं जातं, इथे ती सोयच नाही, एअर इनटेकचे ८ कर्णे, दोन्ही बाजूंचे एकात एक शिरणारे एक्झॉस्ट पाइप, ब्रेकच्या नळ्या, सगळं डोळ्यासमोर. शिवाय खऱ्या गाडीसारखाच मॉडेलमध्येही सगळा भार त्या एका जोडावर येतो. इंजिन भिंतीला चिकटवताना अर्धा मिलिमीटर जरी तिरकं गेलं तरी शेवटी काचेवर गाडी ठेवल्यावर एक चाक हवेत राहतं, आणि तोवर सगळं रंगवून झालेलं असतं. माझ्या पहिल्या ४९ चं मागचं डावं चाक अजून टेकत नाही. तेव्हापासून मी गोंद वाळेपर्यंत चारही चाकं तात्पुरती लावून गाडी काचेवरच ठेवतो.

आता ज्या गोष्टीवरून मॉडेलवाल्यांची डोकी सगळ्यात जास्त तापतात ती. तंबाखूची अक्षरं.

१९६७ पर्यंत गाडीचा रंग देशाचा असायचा. ब्रिटन हिरवा, इटली लाल, फ्रान्स निळा, जपान पांढरा आणि वर लाल सूर्य. जाहिरात म्हणजे तेल, टायर, प्लग यांचे बारके स्टिकर. मग इंधन आणि टायरवाल्या कंपन्यांनी हात आखडते घ्यायला सुरुवात केली, टीमना पैसा कमी पडायला लागला, आणि १९६८ च्या हंगामापासून जागतिक संघटनेने बाहेरच्या जाहिरातीला मोकळीक दिली. बहुतेक जण सांगतात की सिगारेटच्या रंगात पहिली आली ती लोटस. ते पूर्ण खरं नाही. १ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला एका खाजगी स्थानिक टीमची ब्रॅबम गाडी सिगारेटच्या रंगात धावली, आणि त्याच रेसमध्ये लोटस ४९ अजून हिरवीच होती, जिंकलीही. त्याच महिन्यात न्यूझीलंडला लोटस गोल्ड लीफ या सिगारेटच्या रंगात उतरली आणि त्या रंगातली युरोपातली जागतिक स्पर्धेची पहिली रेस मे महिन्यात हारामाला. म्हणजे क्यालामी आणि हारामा यांच्यामधे साडेचार महिने पण नाहीत आणि तेवढ्यात ६० वर्षांची रंगांची पद्धत मोडली. हिरवी ४९ करायची असेल तर जागतिक स्पर्धेच्या जेमतेम १० रेस हाताशी आहेत.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, १९७२ ला काळी-सोनेरी लोटस ७२, १९७४ ला मार्लबोरोची मॅकलारेन. गाडीवर काय लिहिलंय याला तेव्हाही किती वजन होतं बघा, १९७६ मध्ये एका गाडीवर कंडोम कंपनीचं नाव आलं म्हणून ब्रिटिश टीव्हीने ब्रँड्स हॅचच्या रेसचं प्रक्षेपणच सोडून दिलं.

किटच्या डब्यात सुरुवातीला ही अक्षरं बिनदिक्कत असायची. नंतर हळूहळू देशोदेशी तंबाखूच्या जाहिरातीवर कायदे आले, फ्रान्समध्ये १९९१ चा कायदा, युरोपियन युनियनमध्ये जुलै २००५ अखेर अशा स्पॉन्सरशिपवर बंदी, आणि मॉडेलचा डबा मुलांच्याही हातात जातो म्हणून कंपन्यांनी अक्षरं काढून टाकायला सुरुवात केली. गंमत म्हणजे आकार तसाच ठेवला. लाल टोकदार पट्टा आहे पण खालचं मार्लबोरो नाव नाही. काळ्या गाडीवर सोनेरी रेघा आहेत पण मधली तीन अक्षरं, जेपीएस हे सिगारेटचं नाव, गायब. आता असा डबा जसाच्या तसा केला तर जी गाडी तयार होते ती त्या रंगात त्या दिवशी कुठल्याच ट्रॅकवर नव्हती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला समजतं. सिगारेटने माणसं मेली, मरताहेत, आणि शेल्फवरची चकचकीत काळी गाडी नकळत तेच नाव मिरवते. ज्याच्या घरी लहान मुलं आहेत त्याने अक्षरं लावली नाहीत तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण कंपन्यांनी हा निर्णय गिऱ्हाइकाच्या वतीने घेतला आणि बहुतेक डब्यांवर नीट सांगितलंही नाही, झाकणावरचं चित्र बघून घ्यायचं आणि आतलं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं) बघून हिरमुसायचं, हे काही बरोबर झालं नाही. मॉडेल हा एका दिवसाचा पुरावा आहे असं मी मानतो, पुराव्यातला शब्द खोडला तर बाकीच्या १९९ पार्टची मेहनत कशासाठी?

यावर एक सरळ पळवाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. नंतरच्या काळात काही देशांत खऱ्या गाड्याही अक्षरांशिवायच धावत होत्या, तिथल्या कायद्यामुळे नावाच्या जागी टीमचं नाव किंवा नुसत्या उभ्या रेघा यायच्या. म्हणजे अक्षरं नको असतील तर अशी एखादी रेस निवडा, त्या रेसचे फोटो शोधा, नंबर, टायर, आरसे, विंग सगळं त्या दिवसाचं करा. मग अक्षर नसणं हाच खरेपणा होतो. मात्र ही सोय १९६७-७८ च्या बहुतेक गाड्यांना नाही, म्हणूनच आमच्या काळातल्या गाड्यांवरून वाद जास्त पेटतो.

डब्यातली ही पोकळी भरायला छोटे डिकल बनवणारे उभे राहिले, जपान, इटली, स्पेन, कुणी एकटा माणूस घरातून छापणारा. मला वाटतं आजचा जो आफ्टरमार्केट (किटबाहेर वेगळे मिळणारे पार्ट) आहे, फोटो-एच म्हणजे रसायनाने कोरलेले पातळ पत्रे, लेथवर टर्न केलेले कर्णे, वेणी घातलेल्या नळ्या, त्याला गिऱ्हाइकाची सवय या अक्षरांनीच लावली. डिकल मागवायला गेलेला माणूस सोबत सीट बेल्टही घेऊन यायचा.

ज्यांना हे नको ते जुना डबा शोधतात, ज्यात मूळ अक्षरं आहेत. तिथे वेगळं दुखणं. ४०-४५ वर्षांचा डिकल कागद पिवळा पडलेला असतो. तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा, २-३ आठवडे ऊन खाऊ द्यायचं, पिवळेपणा बऱ्यापैकी उतरतो. पण पाण्यात टाकल्यावर तुकडे होणार नाहीत याची खात्री नाही, म्हणून आधी वरून क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) पातळ हात मारायचा आणि एखादं बिनकामाचं अक्षर कापून चाचणी घ्यायची. मी एकदा ही चाचणी न घेता लोटस ७२ ची कडेची लांब सोनेरी रेघ पाण्यात सोडली, वाटीत सोनेरी भुसा झाला. टायरचंही तसंच, जुन्या मऊ व्हिनाइल टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षांत रिमच्या प्लास्टिकमध्ये उतरतं आणि रिम वितळल्यासारखा होतो. सीलबंद जुना डबा घ्याल तर आधी टायर कुठे टेकलेत ते बघा.

त्यापुढचा प्रवास भराभर झाला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये १/४३ चे व्हाइट मेटलचे (कथील-शिशाच्या ओतीव धातूचे) किट आले, १९७७ ला सहा चाकांच्या टिरेल पी ३४ पासून जपानी १/२० ची मालिका सुरू झाली आणि तोच आकार पुढे रूढ झाला, टेबलावर मावणारा आणि वायरिंगला पुरेसा. मग रेझिन, फोटो-एच, मग धातू-रेझिन-रबर सगळं एकत्र असलेले जपानी किट ज्यात शेकड्यांनी पार्ट, आणि गेल्या काही वर्षांत थ्रीडी प्रिंट.

प्रिंटमुळे एक जुना वाद पुन्हा वर आलाय. पार्ट बनवणारे आता खऱ्या गाडीचं स्कॅन करतात, पण ती खरी गाडी म्हणजे आज म्युझियममध्ये किंवा हिस्टॉरिक रेसमध्ये असलेली, दोन-तीनदा पुन्हा बांधलेली. तिच्यात नवीन सीट बेल्ट असतात, बॅटरीचा कट-ऑफ स्विच असतो, आग विझवायची बाटली असते, नळ्यांची जोडणी आजच्या नियमांची असते. रंग तर हमखास जास्त चकचकीत, तेव्हा तो घाईत मारलेला असायचा आणि नाकाच्या कडेला टेपची रेघ दिसायची.

जुन्या गोष्टी नुसत्या सांगण्यावरून धरल्या की काय होतं त्याचं उदाहरण १९३४ ची मर्सिडीज डब्ल्यू २५. ७५० किलोच्या मर्यादेत बसवायला न्युरबुर्गरिंगला रात्रीत पांढरा रंग खरवडला आणि गाडी चंदेरी झाली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. ती प्रसिद्ध झाली टीम मॅनेजरच्या १९५८ च्या आठवणींमुळे, आणि ती रेस मुळात त्या वजनाच्या नियमाखाली नव्हतीच. तरी आजही लोक त्या मॉडेलला घासलेल्या ॲल्युमिनियमचा फिनिश देतात, पॅनलवर खरवडल्याच्या खुणाही काढतात. त्या दिवसाचा स्पष्ट फोटो समोर ठेवून ज्यांनी ती केली त्यांनी साधा चंदेरी रंगच मारलाय.