नुसत्या गाण्यांसाठी वेगळं यंत्र कशाला? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, मोबाइलच्या दुकानात जाऊन नुसती गाणी ऐकायचा प्लेअर मागा, दुकानदार बहुधा ब्लूटूथ स्पीकर पुढे करेल. तरीही सोनी, फीओ, अ‍ॅस्टेल अँड कर्न अशा कंपन्यांचे प्लेअर ऑनलाइन मागवणारे शौकीन आहेत आणि त्यांना घरातूनच पहिला प्रश्न येतो, "हातात एवढा भारी फोन असताना हे आणि कशाला?"

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं टिपून ठेवायला. तिच्या जिवावर सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानात पहिला वॉकमन विकायला काढला, किंमत ३३,००० येन. त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती आणि स्पीकरही नव्हता. टेपरेकॉर्डरमधून दोन गोष्टी काढून टाकल्या आणि उरलेलं खिशात मावलं! एकट्यानेच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल या धास्तीने त्याला हेडफोनसाठी दोन भोकं ठेवली होती.

आपल्याकडे ती धास्ती पडायचं कारणच नव्हतं. १९८० च्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि भावगीतं, लावण्या, देवादिकांची गाणी घरोघरी पोचली. पण ती वाजत होती घरच्या टेपरेकॉर्डरवर, रिक्षात, हॉटेलात. वॉकमन म्हणजे परदेशातून आलेल्या पाहुण्याने आणायची वस्तू. कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून घ्यायची पद्धत मात्र चांगली रुजली होती, आणि ती पुढे वेगळ्या रूपात परत आली.

कोल्हापूरला या गोष्टीत आणखी एक धागा आहे. शाहू महाराजांच्या पदरी जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब होते, आणि गायन समाज देवल क्लब ही संगीत संस्था १८८३ पासूनची. ज्या गावाने या घराण्याची लांब, पेचदार गायकी समोर बसून ऐकली, तिथे प्रत्येक नव्या यंत्राला एकच प्रश्न लागू पडतो: यात ख्याल, म्हणजे रागाची सावकाश फुलवलेली मांडणी, मावतो का? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावत नव्हता. याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांना तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागला (त्यातलीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ते वेगळं). साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे तिथे पहिल्यांदा जरा ऐसपैस झालं.

मग आली एमपी३, म्हणजे आवाजाची फाइल लहान करायची पद्धत. कानाला तसंही ऐकू न येणारं, मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं, ते गाळून टाकायचं ही तिची युक्ती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, एमपी३ तेच काम १२८ मध्ये भागवायची. १९९८ मध्ये कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला डायमंड रिओ हे प्लेअर आले, मेमरी ३२ एमबी. हिशेब केला तर जेमतेम अर्धा तास. एक विलंबित आणि मागून द्रुत, की प्लेअर भरला. ऑक्टोबर २००१ मध्ये अ‍ॅपलने ५ जीबीची हार्डडिस्क घातलेला आयपॉड आणला आणि 'खिशात हजार गाणी' अशी जाहिरात केली, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. पण ३९९ डॉलरचं ते यंत्र आपल्याकडे किती जणांच्या हातात दिसलं असेल? आपल्याला मिळाले ते बारीक सेलवर चालणारे, पेनड्राइव्हच्या आकाराचे बिननावाचे चिनी प्लेअर.

त्यांचीही सद्दी फार टिकली नाही. २००५ मध्ये सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन आले, पाठोपाठ नोकियाची एक्सप्रेसम्युझिक मालिका. मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. कोऱ्या कॅसेटचाच धंदा तो, फक्त तासाचं काम मिनिटांवर आलं. इंग्रजीत वाचाल तर प्लेअरला मारलं ते २००७ च्या आयफोनने. माझ्या मते आपल्याकडे हे काम त्याआधीच, बटणांच्या फोनमधल्या मेमरी कार्डाने उरकलं होतं.

पुढचा घाव सप्टेंबर २०१६ चा. ५ तारखेला जिओ सुरू झालं, आणि दोनच दिवसांनी अ‍ॅपलने हेडफोनचं भोक नसलेला आयफोन ७ जाहीर केला. डेटा स्वस्त झाला तशी गाणी फोनमध्ये ठेवायची गरज संपली, आणि हळूहळू बऱ्याच कंपन्यांच्या फोनमधून वायरही गेली. आजचा वाद खरा इथून सुरू होतो.

ब्लूटूथवरून जाताना आवाजाची माहिती साधारणपणे पुन्हा एकदा दाबून लहान केली जाते; एलडॅकसारखी चांगली पद्धतही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिटपर्यंत जाते. त्यात अँड्रॉइडची सवय अशी की गाणं, मेसेजची टिंग, रस्ता सांगणारी बाई, सगळं एकत्र कालवून बहुधा ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर) आणायचं, गाणं मूळचं सीडीप्रमाणे ४४.१ वर असलं तरी. यूएसबीवरून आवाज जसाच्या तसा बाहेर काढायची सोय अँड्रॉइडमध्ये २०२३ च्या १४ व्या आवृत्तीत आली. प्लेअरवाले नेमकं हेच पुढे करतात.

फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. फोनला लावायचं बोटभर वायरचं डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारं छोटं यंत्र) बरंचसं काम करतं, आणि उरलेले पैसे चांगल्या इअरफोनवर घातले तर कानाला जास्त कळतं. वेगळा प्लेअर घ्यायची माझ्या मते पटणारी कारणं दुसरीच आहेत. मधे फोन येत नाही. खिशात हात घालून न बघता बटण दाबता येतं. शिवाय जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या घरगुती बैठका कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाहीत; त्या स्वतःच्याच फाइलीत ठेवाव्या लागतात.

या सोयीला गिऱ्हाईक आहे हे सारेगामा या गाण्यांच्या कंपनीने २०१७ मध्ये दाखवलं. ५,००० जुनी गाणी भरलेला, मोठ्या बटणांचा कारवाँ नावाचा प्लेअर मुलांनी आईवडिलांसाठी घेतला, घराघरांत फोन असताना. उलट अ‍ॅपलने शेवटचा आयपॉड १० मे २०२२ रोजी बंद केला.

वॉकमन हे नाव सोनी अजून चालवते. त्यातल्या बऱ्याच नव्या प्लेअरांच्या आत अँड्रॉइडच आहे, म्हणजे सिम काढलेला फोनच म्हणा ना. त्यावर स्ट्रीमिंगची अ‍ॅप चालतात, आणि काही वर्षांनी अपडेट यायचे थांबले की तीच अ‍ॅप कुरकुरायला लागतात. नुसत्या फाइली वाजवणाऱ्या साध्या प्लेअरला हा त्रास नाही.