कुत्र्याला टीव्ही दिसतो का? वादाची पार्श्वभूमी

टीव्हीवरच्या कुत्र्यावर घरातला कुत्रा भुंकतो तो चित्र पाहून की आवाज ऐकून, हा वाद जुना आहे. कुत्र्याला जग कृष्णधवल दिसतं, हा समज १९८९च्या एका अमेरिकी अभ्यासाने मोडीत काढला. त्याला निळा आणि पिवळा वेगळे ओळखता येतात, लाल-हिरव्यात गल्लत होते. म्हणून कसोटी सामन्यात गवतावरचा लाल चेंडू त्याच्या नजरेत भरत नाही, पण एकदिवसीय सामन्यातली भारतीय संघाची निळी जर्सी भरते.

खरा घोळ आहे तो हर्ट्झचा, म्हणजे एखादी गोष्ट सेकंदाला किती वेळा घडते त्याचा. लुकलुकणारा दिवा एका वेगानंतर सलग पेटल्यासारखा वाटतो. माणसाच्या बाबतीत हा वेग साधारण सेकंदाला ५० ते ६० वेळा, कुत्र्याच्या बाबतीत ७० ते ८०. आपल्याकडच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळे आणि मंदावे. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की ती थरथर आपल्यालाही जाणवायची. कुत्र्याला ती समोरूनही दिसत असणार. तेव्हाच्या कुत्र्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली असेल, तर तो बुद्धीचा नाही, यंत्राचा दोष होता.

पण तोच हिशेब आजही लावला जातो, तो चुकीचा आहे. एलसीडीवर, म्हणजे आजच्या सपाट टीव्हीवर, मागचा प्रकाश चालूच असतो आणि चित्राची पुढची चौकट येईपर्यंत आधीची टिकून राहते. तो ६० हर्ट्झचा असला तरी सेकंदाला ६० वेळा विझत नाही. शिवाय ७०-८०चा आकडा भरपूर उजेडातला. अंधाऱ्या खोलीत तो खाली येतो. तरीही ‘कुत्र्यासाठी जास्त हर्ट्झचाच टीव्ही घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यासाठी कुणी जादा पैसे मोजू नयेत.

सपाट पडदे आल्यावर संशोधनाला वेग आला. २००८मध्ये व्हिएन्नातल्या प्रयोगात कुत्र्यांनी टचस्क्रीनला नाक लावून कुत्र्यांचे फोटो आणि निसर्गदृश्यांचे फोटो वेगळे केले. २०१३मध्ये फ्रान्समधल्या नऊ कुत्र्यांनी इतर प्राण्यांच्या चेहऱ्यांतून कुत्र्याचा चेहरा निवडला, तोही निरनिराळ्या जातींचा. तिथे ना आवाज होता ना वास. नुसत्या चित्राचंही कुत्र्याला कळतं, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

दरम्यान २०१२मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांसाठी वाहिनी निघाली, रंग त्यांच्या डोळ्यांना जुळवून घेतलेली. २०२२मध्ये शुद्धीवर असलेल्या दोन कुत्र्यांना एमआरआय यंत्रात व्हिडिओ दाखवले. मेंदूच्या नोंदींवरून पडद्यावर कोण आहे यापेक्षा काय चाललं आहे, हे ओळखणं संशोधकांना जमलं.

२०२५च्या एका अभ्यासात ४५३ कुत्र्यांबद्दल मालकांना विचारलं गेलं. उत्साही कुत्री पडद्यावर हलणाऱ्या गोष्टींचा माग काढत होती, तर भित्री कुत्री दारावरची बेल, गाडीचा हॉर्न अशांनी दचकत होती. कुत्र्याला एकटं ठेवून टीव्ही लावून जाणाऱ्यांनी हे आधी पाहावं. मालिकेतली बेल वाजली की तो दाराकडे धावत असेल, तर तो टीव्ही त्याची सोबत करत नाही, त्याला ताण देतो. निदान आवाज तरी बंद ठेवावा.