फुप्फुसीय उच्च रक्तदाब आणि व्यायामातील श्वसनक्षमता

कष्ट करताना शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती हवा आत-बाहेर करावी लागते, हा श्वसनक्षमतेचा हिशेब. निरोगी माणसाला प्रत्येक वाढीव लिटर कार्बन डायऑक्साइडमागे साधारण २५ ते ३० लिटर हवा पुरते. फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब चढलेल्या रुग्णाला त्याच कामाला ४०, ५० किंवा त्याहूनही जास्त लिटर लागतात. या आकड्याला 'उतार' म्हणतात. तो जितका चढा, तितका श्वास महाग.

हा दाब म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी नव्हे. बीपी अगदी नॉर्मल असू शकतो. निदान पक्के होते ते उजव्या हृदयात कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून. फुप्फुस धमनीचा विश्रांतीतला सरासरी दाब २५ मिमी पारा किंवा अधिक, ही जुनी मर्यादा. २०१८ च्या जागतिक परिषदेत ती '२० च्या वर' अशी खाली आली.

वणीच्या सप्तशृंगी गडाला पाचशेवर पायऱ्या आहेत. पंधरा-वीस चढून कठड्याला टेकलेली बाई म्हणते, ''दम लागतो.'' घरचे ऐकतात 'दमा', आणि पंप सुरू होतो. पंप श्वासनळ्या मोकळ्या करतो. इथे त्या बहुधा मोकळ्याच असतात. हवा वायुकोशापर्यंत पोचते, पण पलीकडून रक्तच येत नाही, म्हणून तेवढा श्वास फुकट जातो. गड काही इतका उंच नाही, तेव्हा दोष विरळ हवेवरही ढकलता येत नाही.

मास्क लावून सायकल चालवण्याच्या चाचणीत हे पडद्यावर दिसते. उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड निरोगी माणसात व्यायामाबरोबर आधी थोडा वर जातो. धमन्यांच्या आजारात तो सुरुवातीलाच कमी असतो आणि पेडल मारताना आणखी घसरतो.

आजाराचे पाच गट मानले जातात आणि प्रत्येकाचा श्वास वेगळा. धमन्याच अरुंद होतात त्या पहिल्या गटात फुकट श्वासाच्या जोडीला मेंदूकडून श्वासाचा रेटाही वाढलेला असतो. जुन्या गुठळ्यांनी शाखाच्या शाखा बुजलेल्या चौथ्या गटात फुकट श्वासाचा वाटा मोठा, म्हणून धमनीतल्या रक्तातला आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांत फरक पडतो. हा गट ओळखणे सर्वांत मोलाचे, कारण निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने गुठळ्या सोलून काढता येतात. डाव्या हृदयाच्या आजारातून दाब वाढला असेल (दुसरा गट), तर उतार सहसा इतका चढत नाही. काहींचा श्वास मात्र लाटेसारखा कमी-जास्त होत राहतो. तिसऱ्या गटातला, चुलीच्या किंवा विडीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेला माणूस फसवा. त्याला जोरात श्वास घेताच येत नाही, म्हणून उतार कधी कधी बरा दिसतो. पाचवा गट म्हणजे संकीर्ण कारणांची मोट.

चाचणी चालू असताना उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम कोसळला आणि बोटावरचा ऑक्सिजनही उतरला, तर हृदयाच्या पडद्यातल्या छिद्रातून अशुद्ध रक्त डावीकडे जात असावे, अशी शंका घेतात.

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत (२०२२) पहिल्या गटासाठी उतार ३६ च्या खाली असेल तर धोका कमी, ४४ च्या वर असेल तर जास्त धरला आहे. चढताना भोवळ येऊन पडलेल्या रुग्णाला मात्र सायकलवर बसवण्याआधी दहादा विचार करतात.

आपल्याकडे सहज होणारी चाचणी म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यातले सहा मिनिटांचे चालणे. पण पन्नाशीतल्या बाईचे गुडघे दुखत असतील, तर मीटर घटतात आणि खापर फुप्फुसांवर फुटते. उताराचे तसे होत नाही. तो मिळायला पूर्ण दमेपर्यंत पेडल मारावे लागत नाही.