घसरणं वेगळं, घसरून टॅकल करणं वेगळं

आठ वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल मॅच चालू आहे. चेंडू टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे निघालाय. एक मुलगी जीव खाऊन धावत येते, ओल्या गवतावर घसरते आणि बुटाच्या टोकाने चेंडू आत ठेवते. समोरच्या टीमचं सगळ्यात जवळचं पोर दहा पावलांवर. तरी बाहेरून आवाज येतोच, "रेफ! स्लाइड टॅकल!" म्हणजे घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला चेंडू काढणं.

अमेरिकेत शनिवारी सकाळी मुलांच्या हौशी लीगमध्ये स्वयंसेवक रेफरी म्हणून उभं राहायला लागल्यापासून ही आरोळी मी दर आठवड्याला ऐकतो. पहिल्या सीझनमध्ये अशा वेळी मी शिट्टी वाजवायचो. ती मुलगी आपलं काय चुकलं म्हणून बघत राहायची, आणि खरं तर तिचं काहीच चुकलेलं नसायचं.

१८८६ साली स्थापन झालेलं इफाब हे मंडळ फुटबॉलचे नियम ठरवतं. त्या नियमांत स्लाइड टॅकल नावाचा गुन्हाच नाही. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये नीट केलेला स्लाइड टॅकल पूर्णपणे वैध आहे. बंदी येते ती लहानांच्या हौशी लीगच्या स्वतःच्या नियमांतून, आणि ती यावी असंच माझं मत आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला आपला वेग आणि समोरच्याचं अंतर यांचा अंदाज नसतो. ते घसरतं तेव्हा स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, वर येतात, आणि समोरच्या मुलाचं सगळं वजन ज्या पायावर आहे नेमका तोच पाय वाटेत असतो.

पण बंदी टॅकलवर आहे, आणि टॅकल म्हणजे काय हे इफाबच्या व्याख्येत स्पष्ट आहे: चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्याशी पायाने केलेली झटापट. म्हणजे प्रतिस्पर्धी हवाच. नुसत्या घसरण्यात मूल आणि चेंडू एवढे दोघेच असतात, टॅकलमध्ये तिसरा कोणीतरी असतो. (काही लीग 'मैदानावर घसरायचंच नाही' असं सरसकट लिहितात. तिथे तेच पाळायचं, म्हणून सीझन सुरू होण्याआधी आपल्या लीगचं नियमपत्रक वाचून ठेवा.)

आपल्यासारख्या क्रिकेट बघत वाढलेल्या पालकांना हे खरं तर लवकर कळायला हवं. सीमारेषेवर फील्डर घसरून चौकार अडवतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, कारण तिथे त्याच्यासमोर फक्त चेंडू असतो. खो-खोतला सूरही आपल्याला कौशल्यच वाटतो. जमिनीवर अंग टाकणं हा दोष नाही. कुणाच्या पायांच्या दिशेने टाकलं, हे बघायचं.

मग किती जवळ म्हणजे जवळ? मी पावलं मोजत नाही, दुसऱ्या मुलाकडे बघतो. त्याला थांबावं लागलं का, उडी मारावी लागली का, त्याने घाबरून पाय मागे घेतला का? यातलं काहीही झालं तर शिट्टी, मग स्पर्श झालेला नसला तरी. इफाबच्या बाराव्या नियमात 'धोकादायक खेळ' आहे, आणि इजेच्या भीतीने जवळच्या खेळाडूला चेंडू सोडायला लावणं त्यातच मोडतं. त्याची शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही ती. रेफरीने हात डोक्यावर सरळ उभा धरायचा आणि किक मारल्यावर चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत, बाहेर जाईपर्यंत किंवा थेट गोल होणार नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो खाली आणायचा नाही. स्पर्श झाला की तो धोकादायक खेळ राहत नाही. मग डायरेक्ट फ्री किक, जिच्यावरून थेट गोल करता येतो, आणि बचाव करणाऱ्याच्या गोलसमोरच्या पेनल्टी एरियात असेल तर पेनल्टी. अगदी छोट्या वयोगटांत अनेक लीग सगळ्याच फ्री किक इनडायरेक्ट ठेवतात, तिथे हा फरक उरत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो "त्याचा पाय आधी चेंडूलाच लागला!" यावर. या समजुतीला इतिहास आहे. १९९७ साली नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा 'चेंडूला स्पर्श करण्याआधी प्रतिस्पर्ध्याला लागणं' असं टॅकलच्या फाउलचं वर्णन त्यात होतं. ते पुढे वगळलं गेलं, लोकांच्या डोक्यात मात्र राहिलं. आजचा निकष आहे निष्काळजीपणा, बेपर्वाई आणि अतिरेकी जोर. चेंडू स्वच्छ काढून घेतला आणि त्याच झटक्यात समोरच्या पोराचे दोन्ही पाय उडवले, तर फाउलच. मोठ्यांच्या मॅचमध्येही फाउल, आणि जिथे स्लाइड टॅकललाच बंदी आहे तिथे हा प्रश्न निघायलाच नको.

गोलकीपर हातांनी चेंडू धरायला झेपावला तर बहुतेक ठिकाणी चालतं. पाय पुढे करून धावत येणाऱ्या फॉरवर्डवर, म्हणजे गोल करायला येणाऱ्या खेळाडूवर, घसरला तर तोही टॅकलच.

शिट्टी वाजवल्यावर मी त्या मुलाजवळ जातो, गुडघ्यावर बसतो आणि दाखवतो: पायावर उभं राहा, त्याच्या बाजूने पळ, चेंडू त्याच्या पायापासून सुटला की मग पाय घाल. पंधरा सेकंद जातात. दोन्हीकडचे कोच घड्याळाकडे बघतात, बघू देत. उभं राहून चेंडू काढायला शिकलेलं पोर पुढे मोठ्या वयोगटात स्लाइड टॅकलही नीट करतं, कारण तोवर त्याला अंतर कळायला लागलेलं असतं.

आणि पाऊस पडून गेलेल्या सकाळी पाय सटकून पडणारी मुलं असतात, ती या दोन्हींत बसत नाहीत. त्याने स्वतःहून अंग टाकलं की पायाखालची जमीन गेली, हे त्याच्या हातांवरून कळतं. सटकलेल्या मुलाचे हात हवेत आधार शोधत असतात. तिथे मी शिट्टी तोंडातून काढतो आणि दोघांनाही लागलं तर नाही ना, ते आधी बघतो.