निधनवार्ता वेगळी, मृत्युलेख वेगळा

गावातलं जाणतं माणूस गेलं की पेपरात चार बोटं मजकूर येतो आणि लोक एकमेकांना सांगतात, "सरांवर मृत्युलेख आलाय." तो मृत्युलेख नसतो, ती निधनवार्ता असते. दोन्हींची कामं निराळी आहेत आणि एकीवर दुसऱ्याचं काम भागत नाही.

मराठवाड्यात कुणी गेल्याचं कळलं की पहिला प्रश्न असतो, "माती कितीला आहे?" निधनवार्ता म्हणजे त्या प्रश्नाचं छापील उत्तर. नाव, वय, कशानं गेले, अंत्यसंस्कार कुठे, सावडणं कधी, मग "पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार". मजकूर घरचेच देतात, पूर्वी चिठ्ठीवर, आता मोबाइलवर. तिला घाई असते आणि ती असायलाच हवी. तिच्यात एका जावयाचं नाव राहिलं तरी माणसं दुखावतात, म्हणून ती बिनचूक लागते. एवढं जमलं की तिचं काम झालं.

मृत्युलेख त्या माणसाला कधीच न भेटलेल्यांसाठी असतो. तो चार दिवसांनी आला तरी चालतो. घरच्यांनी तो लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण गेलेला माणूस कुठे चुकला, कुणाशी भांडला, हेही त्यात यावं लागतं.

नरहर कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला भाषणासाठी गेले असताना व्यासपीठावरच गेले. वय 49. एवढं निधनवार्तेत मावतं. पण नांदेडच्या पीपल्स कॉलेजातला हा प्राध्यापक नाट्यशास्त्रावरही लिहितो, मनुस्मृतीवरही लिहितो, आणि ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांच्याशीही वाद घालतो, हे कसं घडलं, ते सांगायला मृत्युलेखच लागतो.

कुरुंदकरांवर लिहिणारे पुष्कळ होते. खरी उणीव तालुक्याच्या गावात आहे. निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातले आता शेवटचे उरलेत. त्यांतलं कुणी गेलं की "ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार" असं छापून येतं. पण ते उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते का, निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा नाका, जाळायला गेले होते का, त्याचं ताडीचं उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडताना पकडले गेले का, तुरुंगात किती महिने काढले? यातलं काहीच नसतं. मग ते त्यांच्याबरोबर जातं.

बायकांच्या बाबतीत तर निधनवार्ताही पुरी होत नाही. मथळा असतो "अमुक यांना मातृशोक". गेली ती बाई, आणि बातमी मुलाची! तिचं नाव दुसऱ्या ओळीत. चाळीस वर्षं गावातल्या बाळंतिणी सोडवणारी दाई अशी एका मुलाची आई म्हणूनच छापली जाते. मला याचा फार त्रास होतो.

श्रद्धांजलीची जाहिरात आणि चौकातलं बॅनर ना निधनवार्तेत मोडतात, ना मृत्युलेखात. त्यांत फोटो मोठा असतो, आणि खाली उभ्या राहिलेल्यांची नावं त्याहून जास्त.

आमचे मराठीचे सर गेले तेव्हा सहा ओळी आल्या होत्या. सावडायला गेलो, तिथे त्यांच्या बरोबरीचे एक म्हातारे सांगत होते की सर निजामाच्या काळात मॅट्रिकपर्यंत उर्दूतूनच शिकले. मराठी वाचन त्यांनी ज्ञानेश्वरीवर केलं, पहाटे, कंदिलाच्या उजेडात. आम्हाला शिकवताना ते हजेरीबुकाच्या मागच्या पानावर उजवीकडून डावीकडे काहीतरी टिपून ठेवायचे. ते काय असायचं ते मला त्या दिवशी कळलं. म्हाताऱ्यांना मी खिशातलं पेन दाखवलं आणि म्हटलं, "काका, पहिल्यापासून सांगा." राख भरून होईपर्यंत ते सांगत होते, मी लिहून घेत होतो.