‘हृदयाला छिद्र होतं ना? मग जपूनच राहायचं’

जन्मतः हृदयात दोष असलेल्या माणसाने पळू नये, नोकरी हलकी धरावी आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विचारच सोडावा, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. तो चूक आहे, आणि त्याने कित्येकांची उमेदीची वर्षं वाया गेली आहेत.

शॉन व्हाइट हा अमेरिकन खेळाडू ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’, म्हणजे हृदयात एकत्र असलेले चार दोष, घेऊन जन्मला. लहानपणीच त्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने स्नोबोर्डिंगमध्ये २००६, २०१० आणि २०१८ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. प्रत्येकाला हे जमेल असं नाही. पण १५ देशांतल्या, भारतासह, सुमारे ४,००० प्रौढ रुग्णांच्या पाहणीत बहुतेकांनी आपलं आयुष्य चांगलं चाललंय असंच सांगितलं.

उलट टोकाचा समजही तितकाच घातक: ‘लहानपणी ऑपरेशन झालं, विषय संपला.’ फॅलोच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाकडची झडप गळत राहू शकते आणि अनेकांना मोठेपणी ती बदलावी लागते. गंमत अशी की तोवर त्रास जाणवतोच असं नाही. म्हणून तपासणी आयुष्यभर हवी.

बाळंतपणाचं? छोटं छिद्र वेळेत बंद झालं असेल तर बहुधा अडचण येत नाही. आयझेनमेंगर सिंड्रोममध्ये (छिद्र वर्षानुवर्षं उघडं राहून फुप्फुसांतला रक्तदाब कायमचा वाढतो तेव्हा) मात्र गरोदरपण जिवावर बेतू शकतं. हे हृदयरोगतज्ज्ञाने इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून ठरवायचं, स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी नव्हे.